स्वच्छ ऊर्जा, स्वयंसेवी संस्था आणि शासन : बेंगळुरूचा अनुभव



निपाणी, खानापूर किंवा बेळगाव येथील मराठी कुटुंबाच्या घरी येणारे वीजबिल हुबळी वीज पुरवठा कंपनीचे असते. परंतु त्या बिलावरील प्रतियुनिट दर ठरतो तो बेंगळुरूत, वसंतनगरमधील कर्नाटक वीज नियामक आयोगाच्या कार्यालयात. तेथे दरवाढीच्या अर्जावर सुनावणी होते तेव्हा एका बाजूला वितरण कंपनीचे अभियंते व वकील आणि दुसऱ्या बाजूला उद्योगांच्या संघटना, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आणि काही स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते बसलेले असतात. स्वच्छ ऊर्जेचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेत ‘शासनाशी संबंध’ हे काम करणारी व्यक्ती यांपैकी एक असते. या कामाविषयी समाजात पुष्कळ गैरसमज आहेत. मंत्रालयात ओळखी असणे, सचिवांची भेट मिळवून देणे, निवेदन देताना छायाचित्र काढून घेणे, असे त्याचे स्वरूप अनेकांना वाटते. मराठीत त्यासाठी ‘पाठपुरावा’ हा चांगला शब्द आहे आणि तोच या कामाचे खरे वर्णन करतो.

वीज हा विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील समवर्ती सूचीत ३८ व्या क्रमांकावर आहे. त्यामुळे धोरणाचा काही भाग दिल्लीत, काही राज्याच्या राजधानीत ठरतो. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने आणि काही राज्यांच्या स्वतःच्या सुधारणा कायद्यांनी नियामक आयोगांची व्यवस्था सुरू झाली. कर्नाटकाने १९९९ मध्ये असा कायदा केला, वीज मंडळाचे विभाजन झाले आणि २००२ मध्ये बेंगळुरू वीज पुरवठा कंपनी, म्हणजे बेस्कॉम, व तिच्या भगिनी कंपन्या अस्तित्वात आल्या. वीज कायदा, २००३ ने ही व्यवस्था देशभर एकसारखी केली.

या कायद्यातील काही कलमे परीक्षार्थींना पाठ असतात. ती प्रत्यक्षात कशी वापरली जातात हे मात्र क्वचित सांगितले जाते. कलम ६४ नुसार वितरण कंपनीला आपल्या दरप्रस्तावाचा गोषवारा प्रसिद्ध करावा लागतो आणि जनतेच्या सर्व सूचना व हरकती विचारात घेऊन आयोगाला १२० दिवसांत आदेश द्यावा लागतो. कलम ८६ आयोगावर नवीकरणीय ऊर्जेला चालना देण्याची आणि वितरण कंपनीने तिची ठरावीक टक्के खरेदी करावी असे बंधन घालण्याची जबाबदारी सोपवते. कामकाज पारदर्शक असावे असेही तेच कलम सांगते. राज्य सल्लागार समितीत उद्योग, शेती, कामगार आणि ग्राहक यांच्याबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही स्थान आहे. कलम ९४ खाली आयोग ग्राहकहिताची बाजू मांडण्यासाठी प्रतिनिधी नेमू शकतो. याचा अर्थ असा की, शासनाच्या दाराशी ताटकळत उभे राहण्याची गरज निदान या एका क्षेत्रात उरलेली नाही. दार कायद्यानेच उघडलेले आहे. आत जाऊन काय सांगायचे, हा प्रश्न उरतो.

रेड्डींचा पर्यायी आराखडा

या प्रश्नाचे भारतातील सर्वांत भक्कम उत्तर बेंगळुरूतच तयार झाले, आणि तेही नियामक आयोग अस्तित्वात येण्यापूर्वी. अमूल्य कुमार एन. रेड्डी हे भारतीय विज्ञान संस्थेतील विद्युत-रसायनशास्त्राचे प्राध्यापक. बॉक्रिस यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला ग्रंथ जगभरच्या विद्यापीठांत वापरला गेला. असा मनुष्य प्रयोगशाळेत सुखाने राहिला असता. परंतु १९७४ मध्ये त्यांनी संस्थेत ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचे उपयोजन करणारे ‘अस्त्र’ हे केंद्र उभे केले आणि पुढे राज्याच्या विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेचे सचिवपदही सांभाळले. खेड्यांत ऊर्जा कोठून येते आणि कोठे जाते याची मोजणी त्यांच्या गटाने घरोघर जाऊन केली. उत्तर सरपण हे होते. आणि ते गोळा करणाऱ्या स्त्रिया व मुले यांचे श्रम कोणत्याही सरकारी ऊर्जा-ताळेबंदात नव्हते.

तुमकूर जिल्ह्यातील पुरा या छोट्या गावात त्यांनी सामुदायिक बायोगॅस संयंत्र उभारले. मूळ कल्पना स्वयंपाकासाठी गॅस पुरवण्याची होती. ती चालली नाही, कारण गावातील शेणातून सर्व चुलींना पुरेल इतका गॅस मिळेना. त्यानंतर त्याच गॅसवर जनित्र चालवून पिण्याचे पाणी व घरांत दिवे देण्याची व्यवस्था १९८७ मध्ये सुरू झाली आणि ती गावाने स्वीकारली. लोकांना प्रथम काय हवे आहे हे अभ्यासकाला आधी ठाऊक नसते, हे पुरा गावाने दाखवून दिले.

त्याच वर्षी कर्नाटक शासनाने नेमलेल्या समितीने विजेचा दीर्घ मुदतीचा आराखडा सादर केला. मागील वर्षांची वाढ पुढे तशीच ताणून समितीने सन २००० साठी सुमारे ९,४०० मेगावॅट क्षमतेची गरज वर्तवली. तेवढी उभारणी राज्याच्या आर्थिक आवाक्याबाहेरची होती. रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या आराखड्यावर नुसती टीका केली असती तर ती वृत्तपत्रांत दोन दिवस गाजली असती. त्यांनी पर्यायी आराखडा तयार केला. वीज कशासाठी हवी, असा त्यांचा पहिला प्रश्न होता. दिवा लागावा, पाणी उपसले जावे, आंघोळीचे पाणी तापावे, यंत्र फिरावे. ही सेवा कमीत कमी विजेत कशी मिळेल? सर्व घरांना वीज द्यायची, रोजगार वाढवायचा, हे गृहीत धरून त्यांनी प्रत्येक उपायाची प्रतियुनिट किंमत काढली आणि सर्वांत स्वस्त उपाय प्रथम, त्यानंतरचा पुढे, अशी मांडणी केली. कार्यक्षम दिवे, कार्यक्षम कृषिपंप, सौर जलतापक, साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मिती, लहान जलविद्युत प्रकल्प आणि बायोमास हे या क्रमात मोठ्या औष्णिक व अणुप्रकल्पांच्या आधी आले. निष्कर्ष असा निघाला की, सुमारे ४,००० मेगावॅट पुरेसे आहेत. आणि खर्चही बराच कमी. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ने १९९१ मध्ये हा अभ्यास दोन भागांत छापला. त्याच वर्षी रेड्डींनी इंटरनॅशनल एनर्जी इनिशिएटिव्ह ही संस्था बेंगळुरूत स्थापन केली.

शासनाने तो आराखडा जसाच्या तसा स्वीकारला नाही. येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. असे आराखडे शासनाला गैरसोयीचे का वाटतात? एका मोठ्या प्रकल्पाची कोनशिला बसवता येते. दहा लाख दिव्यांच्या बदलाची बसवता येत नाही. मोठ्या प्रकल्पाला एक निविदा, एक कर्ज, एक जबाबदार अधिकारी असतो. बचतीला हजारो ग्राहक लागतात आणि वितरण कंपनीची विक्री घटते. हे अडथळे कुणाच्या वाईट हेतूमुळे येत नाहीत, कामकाजाच्या घडणीतच असतात. म्हणून पाठपुरावा करणाऱ्या संस्थेला आकडे बरोबर असून भागत नाही. ते अमलात आणील असा विभाग, अशी निविदा आणि असा हप्ता यांचीही रचना करून द्यावी लागते.

पुण्यातील शिष्यपरंपरा

रेड्डींची पद्धत सर्वांत चिकाटीने पुढे नेली ती पुण्यातील ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाने. मुंबईच्या आयआयटीतून अभियंता झालेले गिरीश संत आणि त्यांचे सहकारी शंतनु दीक्षित व सुबोध वागळे यांनी १९९५ मध्ये एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या वीजखरेदी करारातील तांत्रिक व आर्थिक तपशील उलगडून दाखवले. महाराष्ट्रासाठी कमीत कमी खर्चाचा वीज आराखडाही या गटाने केला. परंतु विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे ते एका कोरड्या वाटणाऱ्या प्रकरणाकडे.

महाराष्ट्रातील बहुसंख्य कृषिपंपांना मीटर नव्हते. शेतीचा वापर मंडळ अंदाजाने दाखवी. एकूण विजेतून मोजलेली विक्री आणि हा अंदाज वजा केला की जे उरेल ती पारेषण व वितरण हानी. अर्थात, शेतीचा अंदाज फुगवला की हानी आपोआप कमी दिसते. चोरी आणि गळती शेतकऱ्याच्या नावावर जमा होते. वर्षानुवर्षे १८ टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी हानी, महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे २००० साली झालेल्या दरनिश्चितीच्या छाननीत ३० टक्क्यांच्या पुढे असल्याचे मान्य झाले. या छाननीत प्रयास ग्राहकांच्या बाजूने उभी होती. तिच्या हाती ना मोर्चा होता ना मंत्र्यांची ओळख. मंडळाचेच आकडे होते. पंपांची संख्या, अश्वशक्ती, वापराचे तास आणि पिकांचे हंगाम यांच्याशी ताडून पाहिलेले. शेतीला दिलेल्या अनुदानावर राज्यात चालणारा सारा वाद त्यानंतर वेगळ्या पायावर आला.

स्वच्छ ऊर्जेशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. शेतीला किती वीज लागते हे खरे कळल्याशिवाय तिला सौरऊर्जा देण्याचा हिशेब करता येत नाही. गावाजवळच्या उपकेंद्राशी जोडलेला काही मेगावॅटचा सौरप्रकल्प उभारून त्या वाहिनीवरील सर्व पंपांना दिवसा वीज द्यावी, हा विचार प्रयासने आकडेवारीसह सातत्याने मांडला. राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर केली; राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही तिची पहिली ठिकाणे. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला, आणि केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतही वाहिनीच्या पातळीवरील सौरीकरणाला स्थान मिळाले. रात्री दोन वाजता मोटर सुरू करण्यासाठी बांधावर जाणाऱ्या, अंधारात सापाच्या भीतीने पाय टाकणाऱ्या शेतकऱ्याला या संस्थांची नावे ठाऊक नसतील, असण्याचे कारणही नाही. रेड्डी २००६ मध्ये निवर्तले; गिरीश संत यांचे २०१२ मध्ये अकाली निधन झाले.

कल्पनेचे श्रेय हातातून जाते ते असे. बेंगळुरूत बेस्कॉमने २००४ च्या अखेरीस कार्यक्षम दिव्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात सीएफएल दिव्याची किंमत ग्राहकाला वीजबिलातून हप्त्याने भरता येई. तशाच धर्तीचा प्रयोग नंतर महावितरणने नाशिकमध्ये केला. २००९ मध्ये केंद्राची बचत लॅम्प योजना आली आणि जानेवारी २०१५ पासून उजाला. एकत्रित खरेदीमुळे एलईडी दिव्याचा खरेदीदर २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला आणि ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. रेड्डींच्या तक्त्यात ‘सर्वांत स्वस्त उपाय’ म्हणून पहिल्या ओळींत असलेला दिवा एका पिढीनंतर सरकारी योजना झाला. छताच्या पंख्याला याहून अधिक वाट पाहावी लागली. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवीन बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. तरी पंख्यांवर तारांकित लेबल सक्तीचे झाले ते १ जानेवारी २०२३ पासून.

कामाची रीत

या कामाला वेळापत्रक असते. कर्नाटकात वितरण कंपन्या साधारणतः नोव्हेंबरअखेर दरप्रस्ताव दाखल करतात, हरकतींसाठी महिनाभर मिळतो, सुनावण्या त्यानंतर होतात. राज्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणजे विभागाच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी ठरलेल्या असतात. मार्चमध्ये विधानसौधाच्या पायऱ्या चढणारी संस्था त्या वर्षापुरती उशिरा पोहोचलेली असते. केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणाने मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा असे सांगितले आहे. त्या तीस दिवसांत कलमवार अभिप्राय लिहिणे हे मोठ्या परिषदेत भाषण करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते. मागील वर्षीच्या आदेशातील कोणत्या निर्देशाचे कंपनीने पालन केले नाही, एवढे एक पान जोडले तरी आयोगाचे काम हलके होते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ येथे उपयोगी पडतो, पण प्रत्येक कागदासाठी तो वापरणाऱ्याशी अधिकारी पुढे मोकळेपणाने बोलत नाहीत, तारतम्य हवे.

आणखी एक गोष्ट बेंगळुरूत काम करणाऱ्या परप्रांतीयांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. शासनाचे टिपण कन्नडमध्ये लिहिले जाते, शेतकरी सुनावणीत कन्नडमध्ये बोलतो. केवळ इंग्रजीवर विसंबणाऱ्याला निम्मे प्रकरण दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते.

लॉबिंगची नोंदणी किंवा नियमन करणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. म्हणून मर्यादा अन्य कायद्यांतून आणि स्वतःच्या शिस्तीतून येतात. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० नुसार निवडणुकीतील उमेदवार, विधिमंडळ व संसद सदस्य, राजकीय पक्ष व शासकीय सेवक यांना विदेशी निधी घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आणली आणि असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी केली. कायद्यात न लिहिलेली मर्यादा त्याहून महत्त्वाची आहे. ज्या कंपनीचा प्रकल्प आयोगापुढे आहे तिच्याकडून देणगी घेणाऱ्या संस्थेने सौरऊर्जेच्या बाजूने कितीही खरे आकडे दिले तरी ते विक्रेत्याचे आकडे ठरतात. मग ती कंपनी पवनचक्क्यांची असो की कोळशाची.

पाठपुराव्याचा मार्ग सुनावणीच्या दालनातूनच जातो असे मात्र नाही. हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये बेंगळुरूत सुरू केलेली सेल्को ही कंपनी आणि पुढे निघालेले तिचे प्रतिष्ठान यांनी बँका व ग्रामीण बँकांना सौरदिव्यांसाठी कर्ज देण्यास राजी केले. गरीब ग्राहकाची मिळकत रोजची, म्हणून हप्ताही त्याच्या मिळकतीच्या लयीत असावा, हा त्यांचा आग्रह. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने घरगुती नवीकरणीय ऊर्जेसाठी १० लाख रुपयांपर्यंतची कर्जे प्राधान्य क्षेत्रात धरली. आज हे प्रतिष्ठान प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौरऊर्जा बसवण्याच्या कामात राज्यांच्या आरोग्य खात्यांबरोबर आहे. ऊर्जा खात्याऐवजी आरोग्य खात्याचे दार ठोठावणे, हे चातुर्य दाद देण्यासारखे आहे.

अवघड हिशेब

स्वच्छ ऊर्जेची बाजू नेहमीच सोपी नसते. तुमकूर जिल्ह्यातीलच पावगडा येथे २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे राहिले. दुष्काळी तालुक्यातील सुमारे १३,००० एकर जमीन शासनाने विकत न घेता भाड्याने घेतली. एकरी वार्षिक २१,००० रुपये भाडे आणि ठरावीक काळाने वाढ. जमीनमालकाच्या दृष्टीने ही रचना भूसंपादनापेक्षा कितीतरी बरी होती. परंतु त्या जमिनीवर मजुरी करणाऱ्या भूमिहीनाला भाडे मिळत नाही, आणि शेती थांबल्याने त्याचे कामही गेले. सौरऊर्जेचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेने ही बाब आपल्या निवेदनात लिहावी की ती विरोधकांसाठी सोडावी? पुरा गावातील सरपणाचे श्रम मोजणाऱ्या परंपरेला तरी पहिलाच पर्याय शोभतो.

दुसरे उदाहरण अगदी ताजे आहे. कर्नाटकाच्या गृहज्योती योजनेने जुलै २०२३ पासूनच्या वापरासाठी घरगुती ग्राहकांना, त्यांच्या आधीच्या सरासरीवर १० टक्के धरून, महिना कमाल २०० युनिट वीज विनामूल्य केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने एक कोटी घरांच्या छतांवर सौरसंच बसवण्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची पीएम सूर्यघर योजना सुरू केली. दोन्ही योजनांचे हेतू चांगले आहेत. पण ज्या घराचे बिल शून्य आहे त्याने छतावर पैसे का गुंतवावेत? गृहज्योती बंद करा, असे म्हणणारी संस्था त्याच दिवशी चर्चेतून बाहेर पडेल, आणि तसे म्हणणे गरीब कुटुंबांवर अन्यायाचेही होईल.

येथे हिशेबाची बाजू बदलून पाहावी लागते. कलम ६५ नुसार राज्याने ग्राहकाला दिलेल्या सवलतीची रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यायची असते. म्हणजे त्या घरातील विजेचा खरा ग्राहक राज्याचे वित्त खाते आहे, आणि छतावरील सौरसंचाने वाचणारे पैसेही त्याचेच. मग संच कुटुंबाने बसवण्याची वाट न पाहता वितरण कंपनीने बसवावा, छताच्या मालकाला थोडे भाडे द्यावे आणि अनुदानातील बचतीतून खर्च भागवावा, असा प्रस्ताव करता येतो. पीएम सूर्यघर योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत वितरण कंपनीच्या पुढाकाराने असे संच बसवण्याचे प्रतिमान आहेच. एका घरामागे किती वर्षांत पैसे वसूल होतील, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचे काय, बहुमजली इमारतींचे काय, पाच वितरण कंपन्यांपैकी कोणती प्रथम तयार होईल, हे तक्त्यात मांडावे लागेल. तो तक्ता ऊर्जा खात्याच्या आधी वित्त खात्याच्या टेबलावर गेला पाहिजे, आणि तोही नोव्हेंबरपूर्वी.